तुझ्या काठचा चिखल

"तोइग… तोइग… तोइग…"

हा माझ्या आईचा आवाज. तो ऐकून आता चाळीस वर्षं झाली, पण वसंतात पहिलं कोकरू ओरडलं की अजून तो माझ्या कानामागून येतो. बोचरी सकाळ असायची. पहिलटकरीण मेंढी व्यायलेली आणि कोकराकडे पाठ करून उभी. मी दहा वर्षांची, मेंढीची मान दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर बसलेली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत गायची:

तोइग, तोइग, घे गं माये,
तुझंच आहे, तुझंच आहे.
ओठ कोरडे, पाय कोवळे,
वास तुझा ते शोधत राहे.

अर्धा तास, कधी पाऊण तास. मग मेंढी मान वळवायची आणि कोकराला चाटू लागायची. आईचा आवाज इतका मऊ दुसऱ्या कुणासाठी झालेला मी ऐकला नाही. माझ्या वाट्याला यायचं ते "नीट धर" आणि "हलू नकोस".

एका सकाळी तिने माझ्या धाकट्या बहिणीला, यांजमाला, जवळ बसवलं आणि म्हणाली, "आता तू गा."

यांजमा सात वर्षांची. ती गायली. मेंढी वळली. त्या दिवसापासून गाणं तिचं झालं आणि मेंढीची मान माझी.

आमच्यात घरची चूल शेंडेफळाकडे जाते. मी लग्न होऊन शार ओढ्याच्या खालच्या वळणावर गेले. यांजमाने घरजावई आणला आणि वरच्या अंगाला, आईच्याच जागी राहिली. आईचं गेर, जाड लोकरी नमद्यांचा तो गोल तंबू, तिचं, तीन पायांची लोखंडी चूल तिची, गाणं तर आधीच तिचं. मी कधी तोंडातून शब्द काढला नाही. रीतच तशी. पण रीत आहे म्हणून पोटात जळायचं थोडंच थांबतं?

मला गाता येत नाही. मेंढीने कोकरू नाकारलं की मी वासाचा आधार घेते. मेंढीच्या अंगाचा ओलावा, जरासं मीठ, असं सगळं त्या पोरक्या कोकराला चोळते, आणि मग नाक लावून मेंढी फसते. फसते म्हणजे, तिला ते आपलं वाटतं. यांजमा हसायची. "ताई, तू त्यांना लोणच्यासारखं मुरवतेस गं." हसू दे. माझी कोकरं जगायची.

ओढा मात्र वासाने फसणारा नव्हता. वर्षागणिक तो बारीक होत गेला. आधी वाळुंजीची झुडपं गेली, मग बदकं गेली. उन्हाळ्याच्या मध्यावर माझ्या वळणावर नुसते गोटे उरायचे, आणि आम्ही कळप घेऊन दोन दिवसांच्या वाटेवरच्या झऱ्याकडे निघायचो. सेंगे, माझा नवरा, एकदा रिकाम्या पात्रात उभा राहून म्हणाला, "अजून दोन उन्हाळे. मग हे वळण सोडायचं." त्याच्या आजीला मेल्यावर याच वळणावरच्या टेकाडावर ठेवलेलं आहे.

त्याच वर्षी शहरातून नरमा आली. तिशीची पोरगी, पाण्याच्या जनावरांचं शिकलेली, आणि चहा मात्र बिनदुधाचा पिणारी. तिने सांगितलं, बुलगान नदीवरून मिंजांच्या दोन जोड्या आणायच्या आहेत. पुस्तकात ज्याला बीव्हर म्हणतात तो आमचा मिंज: चपट्या शेपटीचा, पिवळ्या दातांचा, झाड कुरतडून पाडणारा आणि पाण्याला बांध घालणारा. माझ्या आजीच्या लहानपणी तो या ओढ्यात होता. मग टोप्यांसाठी मारून मारून संपवला.

"बांध घातला की पाणी थांबतं, जमिनीत मुरतं," नरमा म्हणाली. "उन्हाळ्यात मग हळूहळू सुटत राहतं. एक जोडी वर, यांजमा मावशींकडे. एक खाली, देजिद मावशी, तुमच्याकडे."

"म्हणजे दोन्ही बहिणींना सारखं," सेंगे म्हणाला. "पोरी, हे आधी त्यांच्या आईला जमायला हवं होतं."

सगळे हसले. मीही हसले.

शरदाच्या सुरुवातीला पेट्या आल्या. आधी वर. यांजमाने निळा रेशमी देल, सणासुदीचा लांब झगा, घातला होता, जणू लग्नच. तिने दुधाचा हबका पाण्यावर उडवला आणि पेटीच्या जाळीपाशी बसून गायला लागली. तोइग, तोइग. आईचं गाणं, मेंढीचं गाणं, त्या केसाळ उंदरांना. जमलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. तालुक्याहून आलेल्या माणसाने फोटो काढला. मग पेटी उघडली, आणि दोन्ही मिंज असे सरळ पाण्यात गेले, जणू काही निरोप आला होता.

माझ्या वळणावर दुपार झाली. फोटोवाला यांजमाकडेच चहाला थांबला होता. मी पेटीचं दार उघडलं. नर निघाला. मादी पेटीच्या कोपऱ्यात तोंड घालून बसली. मला गाता येत नव्हतं. मी म्हणाले, "चल बाई, ये." ती संध्याकाळी निघाली.

पहिलं बर्फ पडायच्या आत यांजमाच्या जोडीने बांध घातला. कमरेएवढा, काटक्यांचा, चिखलाने लिंपलेला. मागे तळं साठलं. तळ्यात फांद्यांचं घर उभं राहिलं. मी घोड्यावरून तासाभराची वाट तुडवून ते पाहायला जायची आणि चहा न पिता परत यायची. माझ्या जोडीने काठात एक बीळ खणलं आणि चार वाळुंजी पाडल्या. त्यांचं काय करायचं हे बहुधा त्यांचं ठरत नव्हतं.

"ताई, आळस त्यांना तुझ्याकडून लागला का गं?" यांजमा म्हणाली. ती गमतीने बोलली. ती सगळंच गमतीने बोलते. ज्याच्या ताटात वाढलेलं असतं त्याला गंमत सुचते.

"माझे विचार करून घर बांधणारे आहेत," मी म्हणाले.

"मग विचार संपेपर्यंत माझ्याकडे पाठव त्यांना, शिकायला."

तो फोटो तालुक्याच्या सभागृहात भिंतीवर लागला. मीठ आणायला गेले की मला तो दिसायचा. निळा देल, उघडं तोंड, गाणारी यांजमा. खाली लिहिलं होतं: शार ओढ्याची आई. मी मीठ घ्यायची आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायची.

वसंत आला. बर्फ फुटलं. माझी जोडी बिळातून बाहेर आली. मी त्यांना रोज पाहत होते: मादी काठावर बसून पोट विंचरायची, नर पाण्यात एक फांदी इकडून तिकडे न्यायचा आणि सोडून द्यायचा. पाहुण्यांसारखे वागत होते. घर आपलं वाटत नव्हतं त्यांना. हे लक्षण मला चांगलं ठाऊक आहे. नाकारलेलं कोकरू असंच वागतं.

त्याच आठवड्यात माझी एक मेंढी मेली आणि तिचं कोकरू मी दुसरीला लावलं. मीठ, ओलावा, चोळणं. दुसऱ्या दिवशी ते तिच्याखाली उभं राहून शेपूट हलवत पीत होतं. मी हात धूत होते आणि हातांना तो वास येत होता, आणि तेवढ्यात मला ते सुचलं.

यांजमाच्या तळ्याच्या काठावर मिंजांनी चिखलाचे छोटे छोटे ढीग केले होते. ते मी पाहिले होते, नाकालाही आले होते. गोडसर, धुरकट, जुन्या खोगिरासारखा वास. तिच्या मिंजांचा वास. सुखाने नांदणाऱ्या घराचा वास. तो माझ्या काठाला लावला तर माझ्या जोडीला वाटेल, हे आपलंच. मग ती राहतील. बांध घालतील.

मी यांजमाला विचारू शकले असते. तिने "घेऊन जा की बादलीभर" म्हणून हसत दिलं असतं. आणि मग ती दरवेळी पाहुण्यांना सांगत बसली असती की ताईचे मिंजसुद्धा माझ्या चिखलाने मार्गी लागले.

म्हणून मी विचारलं नाही. यांजमा आणि तिचा नवरा कळप घेऊन डोंगराकडे गेले होते, त्या सकाळी मी गेले. त्यांचा कुत्रा हालतर, काळा, डोळ्यांवर पिवळे ठिपके असलेला, मला पाहून उठला, ओळखीची म्हणून शेपूट हलवली आणि मी चिखल पिशवीत भरेपर्यंत शेजारी बसून राहिला. त्याने माझा हात चाटला. परत येऊन मी तो चिखल बिळाच्या दोन्ही बाजूंना, पाडलेल्या फांद्यांवर, मादी बसायची त्या दगडावर चोळला. हात दुखेपर्यंत चोळला. आणि कोण जाणे का, ओठांतल्या ओठांत म्हणालेसुद्धा: तुझंच आहे, तुझंच आहे. माझा आवाज मलाच बेसूर वाटला.

पाचव्या दिवशी बीळ रिकामं होतं.

आठव्या दिवशी यांजमा घोडा फेकत आली. तिचा चेहरा पाहूनच मी चहाचं भांडं खाली ठेवलं. तिच्या बांधाच्या खाली, झुडपांत, माझा नर मरून पडला होता. गिधाडांनी बराच खाल्ला होता. आणि हालतर त्याच्याजवळ बसलेला.

"त्याने केलं असेल का गं, ताई?" तिने विचारलं. "तो कोकरालासुद्धा तोंड लावत नाही. पण बसला होता तिथं. मी स्वतः पाहिलं."

मी म्हणाले, "कुत्रा तो कुत्रा."

माझी मादी कुठेच सापडली नाही. नरमा आली, उरलेलं शरीर पाहिलं, म्हणाली की नक्की काही सांगता येत नाही. पण तालुक्याच्या बैठकीत लोकांना नक्की काहीतरी हवं असतं. यांजमाची छावणी ओढ्याला फार लागून आहे, तिच्या कुत्र्याने खालची जोडी उठवली, असं ठरलं. यांजमा मान खाली घालून उभी राहिली. बोलणारी यांजमा. भिंतीवर तिचा फोटो होता आणि त्याच्याखाली ती स्वतः.

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? आयुष्यात पहिल्यांदा लोक तिच्याकडे पाहून च्च-च्च करत होते आणि माझ्या खांद्यावर हात ठेवत होते.

हालतरला तिने खिंडीपलीकडे नवऱ्याच्या चुलतभावाकडे धाडलं. मोटारसायकलच्या मागे बांधून नेला. तो ओरडला नाही, म्हणे. फक्त मागे पाहत राहिला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला नरमा माझ्याकडे मुक्कामाला आली. आरूल, वाळवलेल्या दह्याचा खडा, चघळत, पाय पसरून सहज बोलत होती. मी काठीने लोकर पिंजत होते.

"मावशी, त्या चिखलाच्या ढिगांची एक गंमत सांगू? मिंज त्यावर आपला वास सोडतो. तीच त्याची पाटी. इथं घर आहे, पुढे चालू लाग, असं दुसऱ्याला बजावतो. परका वास आला की नवखा मिंज टिकतच नाही. एक तर निघून जातो, नाही तर भांडायला जातो आणि मार खातो. दात बघितलेत ना त्यांचे?"

माझ्या हातातली काठी थांबली.

"काय झालं?" सेंगे म्हणाला.

"काही नाही. लोकरीत काटा होता."

मेंढी वासाने जवळ येते. मिंज वासाने दूर जातो. एवढंच होतं ते. मी माझ्याच हातांनी माझ्या दारावर यांजमाची पाटी लावली होती, आणि तो बिचारा नर पाटीवरच्या मालकाशी भांडायला गेला होता. नरमाने आणखी चहा मागितला. मी ओतला. ती सांगण्याची वेळ होती. ती गेली. अशा वेळा मग रोज येतात आणि रोज जातात.

उन्हाळ्याच्या मध्यावर माझ्या वळणावर गोटे उघडे पडले. वर यांजमाच्या तळ्यात घोडे पोटापर्यंत उभे होते, पाडलेल्या वाळुंजींना बोटबोटभर कोंब आले होते, बदकं परतली होती. खालपर्यंत पाणी यायला मध्ये आणखी एक बांध हवा, नरमा म्हणायची. एक बांध पुरत नाही. यांजमा मला निरोप धाडायची: जनावरं वर आण, पाणी पाज. मी धाडली नाहीत. दोन दिवसांच्या झऱ्याकडे गेले. वाटेत सात कोकरं गेली. सेंगे फक्त एकदा म्हणाला, "तिच्या पाण्यात काय विष होतं?"

शरद जवळ आला तसा बुलगानहून निरोप आला. अजून एक जोडी मिळते आहे, या ओढ्यासाठी शेवटची. बैठक बसली. ठरलं की जोडी देजिदच्या वळणावर सोडावी, पण आधी यांजमाने आपली छावणी ओढ्यापासून उठवून वर माळावर न्यावी. नाहीतर ही जोडी दुसऱ्या तालुक्याला. सगळ्यांनी यांजमाकडे पाहिलं.

माळावर वारा असतो आणि दुसरं काही नसतं. आईचं गेर त्या ओढ्याच्या काठावर साठ शरद उभं राहिलं होतं.

"हलवते," यांजमा म्हणाली. "ताईचं वळण राहू दे."

मला हवं होतं ते सगळं एका वाक्यात माझ्याकडे चालत येत होतं: मिंज, पाणी, वळण.

गेर उतरवायला माणसं लागतात. मी गेले. न जाऊन कसं चालेल, सख्खी बहीण. सकाळी आम्ही दोरखंड सोडले, नमदे गुंडाळले. छताच्या काड्या एकेक करून काढल्या, आणि वर गोल आकाश मोठं मोठं होत गेलं. यांजमाचा नवरा सामान लादलेली गाडी घेऊन माळाकडे गेला. आम्ही दोघीच राहिलो. जमिनीवर गेरची गोल खूण, मधे चूल, चुलीत अजून धग.

यांजमा राखेत बोट फिरवत बसली. "ताई, आठवतं? इथंच तू मेंढी धरायचीस."

"धरायचे. आणि तू गायचीस."

"मग काय करणार? मी धरली की ती मला लाथा घालायची. एकदा दात हलला होता माझा. तुझ्या हाताखाली आली की मुकाट व्हायची. आई म्हणायची, देजिदचे हात आहेत म्हणून माझं गाणं चालतं. हिला हात नाहीत, हिला निदान गाऊ दे." ती हसली. "मी कितीदा रडले असेन. वाटायचं, ताईला सगळं हातातच दिलंय."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? तू यायचीस, तळ्याकडे बघायचीस आणि चहा न घेता जायचीस."

तळ्यात काहीतरी बुडालं. एक मिंज फांदी ओढत बांधाकडे चालला होता. पाण्यावर त्याची रेघ लांब होत गेली.

यांजमा उठली. तिने फडक्याने चुलीचे तिन्ही पाय पुसले, राख झटकली आणि ती दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरली. जड होती.

"ही तू ने."

"काय?"

"आईची चूल पाण्याजवळ हवी. मी माळावर चाललेय. तुझ्या वळणावर आता पाणी राहील. माझ्याकडे पत्र्याची आहे एक, भागेल." माझा हात पुढे येईना तसं ती म्हणाली, "घे गं. माझ्या कुत्र्याने तुझं नुकसान केलं. तुझे मिंज गेले, कोकरं गेली. मी रोज विचार करते, भरून कसं द्यायचं. धर, हात दुखतायत."

मी धरली. लोखंड अजून कोमट होतं. चाळीस वर्षं मी या चुलीकडे परक्यासारखी पाहत आले होते, आणि आता ती माझ्या हातांत होती, आईच्या हातांनी गुळगुळीत झालेली. तिचा वास आला. धूर, दूध, गोवऱ्यांची राख. घराचा वास. मला माझ्या दगडावर चोळलेला तो दुसरा वास आठवला.

यांजमा मागे वळून सवयीने हाक मारायला गेली, "हाल—" आणि थांबली. तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

मी चूल होती तिथं, गोल खुणेच्या मधोमध, परत ठेवली. तिन्ही पाय आपापल्या खळग्यांत बसले.

"ताई? काय झालं? नको का?"

"यांजमा, हालतरने काही केलं नाही. तुम्ही डोंगरावर होता तेव्हा मी इथं आले होते. तुझ्या मिंजांचा चिखल चोरून नेला आणि माझ्या काठाला लावला. त्या वासाने माझी जोडी उठली. नरमाने सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं, आणि तरी मी गप्प बसले. तू बैठकीत उभी होतीस आणि मला बरं वाटत होतं." मी चुलीच्या कडेवर हात टेकवला. "मला तुझं सगळं हवं होतं, यांजमा. मी सात वर्षांच्या तुझ्यावर अजून जळते."